तीन टर्की उगाच नाहीत

मिश्र लग्नांवरच्या विनोदी चित्रपटांवरच्या एका लेखात फिलिप द शोव्हरों यांच्या २०१४ च्या फ्रेंच चित्रपटातला नाताळचा प्रसंग ‘अतिशयोक्ती’ म्हटलाय. ते पटलं नाही. सासूबाई मारी तीन जावयांसाठी तीन टर्की (नाताळला भाजतात तो कोंबडीसारखा मोठा पक्षी) करतात: मुस्लिम जावयासाठी हलाल, ज्यू जावयासाठी कोशर (ज्यू आहारनियमांप्रमाणे) आणि चिनी जावयासाठी चिनी पद्धतीची. हिशेब चोख आहे. हलाल कत्तल कोशरला चालत नाही. तिथे प्रशिक्षित ज्यू खाटीकच लागतो, मग मांस पाण्यात भिजवून, मीठ लावून रक्त काढायचं. भाजताना वरून लोणी लावायची फ्रेंच सवयही बाद, कारण मांसाबरोबर दुधाचं काही नको. हलाल टर्कीच्याच ट्रेमध्ये कोशर टर्की भाजली की सगळी मेहनत वाया! चिनी टर्कीच्या कातडीला आधी गोड पाकाचा हात देऊन मग ती वाऱ्यावर सुकवायची. ओलसर राहिली तर कुरकुरीत होत नाही.

बऱ्याच मुस्लिमांना कोशर मांस चालतं, म्हणजे दोन टर्कींत भागलं असतं. पण प्रत्येक जावयाला त्याची स्वतःची टर्की मिळावी, हाच तर त्या माउलीचा जीव! चौथा जावई कृष्णवर्णीय, पण सासरच्यांसारखा कॅथलिकच, त्यामुळे ताटाचा प्रश्नच नाही. तिथे आडवा येतो तो त्याच्या कातडीचा रंग, आणि चित्रपटाची खरी धार मला तिथेच वाटते.