‘मोठं झालं की आपोआप जातं’: मुलांच्या डोळ्यांवरच्या त्या मेसेजला उत्तर

कोल्हापुरातल्या घराघरांतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लहान मुलांना ड्रॉप आणि चष्म्याच्या नादी लावू नका. तिरळेपणा शाळेत जाईपर्यंत आपोआप जातो. घरच्या काजळानं डोळे मोठे होतात. डोळे चिकटले तर आईचं दूध किंवा मधाचा थेंब घाला. लहानपणी चष्मा लावला की नंबर वाढतच जातो, त्यापेक्षा गाजर द्या. मी डोळे तपासणीच्या कामात आहे. ‘यात तर असं लिहिलंय’ म्हणत मोबाइल पुढं करणारे आईवडील माझ्यासमोर बसतात. मेसेज मायेपोटीच पुढं पाठवला जातो, पण त्यानं पोरांची दृष्टी जाऊ शकते, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी तिरळेपणा, कारण सगळ्यात मोठं नुकसान इथं होतं. पहिले तीन-चार महिने बाळाची नजर अधूनमधून इकडंतिकडं जाते आणि पुढं स्थिर होते, हे खरंच आहे. नाकाचा वरचा भाग बसका असला तर डोळे सरळ असूनही तिरळे वाटतात, हेही खरं. मेसेजनं एवढाच धागा पकडून तो सहा वर्षांपर्यंत ताणलाय. चार महिन्यांनंतरही डोळा वळत असेल, किंवा कुठल्याही वयात एक डोळा कायमच वळलेला असेल, तर थांबायचं नाही. दोन डोळ्यांची चित्रं जुळेनाशी झाली की मेंदू एका डोळ्याचं चित्र घ्यायचंच सोडून देतो. डोळा निरोगी राहतो, पण बघायला शिकत नाही. आळशी डोळा म्हणतात तो हाच. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा दिला, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधली, तर बहुतेक मुलांची नजर चांगली सुधारते. नंतर तेवढा फरक पडत नाही.

शिवाय डोळे अगदी सरळ असूनही हे होतं. दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असला की पुरे. कागलकडची चार वर्षांची एक मुलगी आजीच्या मांडीवर बसली होती. डावा डोळा झाकला, तर समोरची बारकी चित्रं पटापट सांगत होती. उजवा झाकला, तर माझा हात ढकलायला लागली, मान वळवून बाजूनं बघायला लागली. आजी म्हणाली, “लई हट्टी हाय ओ ही!” तो हट्ट नव्हता. तिला डाव्या डोळ्यानं धड दिसतच नव्हतं. हे तुम्हालाही घरी बघता येईल. मूल खेळण्यात रमलेलं असताना एकदा एक डोळा आणि एकदा दुसरा हलकेच झाका. एकच डोळा झाकल्यावर ते चिडत असेल, तर उघड्या राहिलेल्या डोळ्याची तपासणी करून घ्या.

काजळाबद्दल आज्यांशी वाद घालणं अवघड, तरी सांगते. तुपाच्या दिव्यावर वाटी धरून पाडलेली काजळी ही शेवटी काजळीच. तिच्यानं डोळा मोठा होत नाही; बोटावरचे जंतू आत जातात, नखानं बुबुळ खरचटतं. बाजारातल्या काही काजळांत आणि सुरम्यात शिसं सापडलंय, आणि शिसं बाळाच्या मेंदूला घातक असतं. दृष्ट लागायची काळजी असेल तर तीट कानामागं लावा, माझी काहीच हरकत नाही. आणि बाळाचे डोळे फारच मोठे दिसत असतील, त्यातून पाणी वाहत असेल, उजेडात बाळ डोळे घट्ट मिटून घेत असेल, तर ‘काय टपोरे डोळे!’ म्हणून कौतुक करत बसू नका. तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. डोळ्यातला दाब वाढून बुबुळ ताणलं जातं, म्हणून ते मोठं दिसतं.

डोळे चिकटण्यात मात्र थांबणं बऱ्याचदा बरोबर असतं. अश्रू नाकात उतरणारी नळी खालच्या टोकाला बंद राहिलेली असते. वाढदिवसापर्यंत दहातल्या साधारण नऊ बाळांची ती आपोआप उघडते. नखं कापून, हात धुऊन, डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट दाबायचं आणि नाकाच्या कडेनं खाली ओढायचं. एका वेळी पाच-दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. डॉक्टरांकडून एकदा समजून घ्या. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून चिपडं पुसा. दूध किंवा मध डोळ्यात घालू नका, ते निर्जंतुक नसतं. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवायचाही नाही, त्यातून बोटुलिझम, म्हणजे जंतूंच्या विषानं स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. जन्मापासून २८ दिवसांच्या आत पापण्या सुजून पू येत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मोठ्या मुलांचे डोळे आले, खाजायला लागले, की मेडिकलमधून मागच्या वेळचाच ड्रॉप आणतात, तेही बंद करा. त्यात स्टेरॉइड असलं तर पुढं काचबिंदू नाहीतर मोतीबिंदू व्हायची भीती असते.

चष्म्यानं नंबर वाढत नाही. वाढत्या वयात डोळ्याचा गोळा लांबतो, म्हणून वाढतो. चष्मा नसता तरी वाढला असता. गाजर जरूर द्या. अ जीवनसत्त्व रातांधळेपणा टाळतं, म्हणूनच नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत सरकारी कार्यक्रमात त्याचे नऊ डोस असतात. पण गाजरानं नंबर उतरत नाही. लांबचा नंबर लागू नये म्हणून रोज दोनेक तास उजेडात खेळणं उपयोगी पडतं, मग ते रंकाळ्यावर असो की गल्लीत.

ज्यांत एक आठवडाही घालवू नये, अशा दोन गोष्टींचा मेसेजमध्ये पत्ताच नाही. एक, बाहुलीत पांढरी झाक. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा चमकत असेल, तर तो जन्मजात मोतीबिंदू असू शकतो किंवा डोळ्याच्या आतल्या पडद्यावरचा कर्करोग. वेळेत सापडला तर कर्करोगातूनही बहुतेक मुलं वाचतात. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात नेत्र विभाग आहे, खासगी नेत्रतज्ज्ञ आहेत. कुठंही जा, पण लगेच जा.

दुसरी, दिवसांआधी झालेली बाळं. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या पडद्यावर चुकीच्या रक्तवाहिन्या वाढू शकतात. बाहेरून डोळा अगदी छान दिसतो. जन्मापासून तीस दिवसांच्या आत पडद्याची तपासणी व्हायलाच हवी. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल, तर दोन-तीन आठवड्यांतच. घरी सोडताना मिळालेलं कार्ड काढा आणि पडद्याची तपासणी झाल्याची नोंद त्यावर आहे का बघा. नसेल, तर बाळंतिणीनं सव्वा महिना घराबाहेर पडायचं नाही म्हणून अडून बसू नका; बाबांनी किंवा मावशीनं बाळाला घेऊन यावं.