निःशब्द यांनी दोन शब्द बोलावेत

लेख दोन तासांत होतो, टोपणनावाला दोन महिने लागतात. बाळाच्या बारशाला निदान आत्या असते. इथे बाळही आपण, आत्याही आपण आणि कानात कुर्रर्र करायचं तेही आपणच.

पहिली धाव नात्यागोत्याकडे जाते. शिरवाडकरांनी बहिणीच्या नावावरून 'कुसुमाग्रज' घेतलं, दामल्यांनी वडिलांवरून 'केशवसुत'. पण कुसुम आणि केशव ही संधी-समासाला सोसणारी नावं. बहीण पिंकी असली की व्याकरण पाळून 'पिंक्यग्रज' होतं. गुप्त्यांनी नुसतं 'बी' घेतलं आणि निभावलं. आज ते नाव शोधायला गेलात तर भोपळ्याचं बी कसं पेरावं ते आधी कळेल.

दुसरी धाव हळवेपणाकडे: व्यथित, मुसाफिर, धुकं. इथे माझी कसोटी एकच. नाव विभक्तीत घालून मोठ्याने वाचायचं. मराठीत नाव काही कागदावरच्यासारखं इस्त्रीचं राहत नाही. 'धुकं' देखणं, पण "धुक्याचा फोन आला होता" हे ऐकवत नाही. 'पाऊस' घेतलात तर "पावसाने यंदाही दिवाळी अंकाला दगा दिला" असं संपादक म्हणणारच. आणि 'निःशब्द' घेणाऱ्याने सूत्रसंचालकाचा विचार करावा.

शिवाय त्या विसर्गाची वेगळीच कटकट. कीबोर्डवर विसर्ग सापडला नाही की लोक खुशाल कोलन ठोकतात. डोळ्यांना दोन्ही टिंबं सारखीच, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी चिन्हं. म्हणून विसर्गाने शोधणाऱ्याला कोलनवालं लेखन सापडेलच असं नाही. 'ळ' आणखी दगाबाज. 'काजळ' रोमनमध्ये जाऊन परत येतं ते 'काजल' होऊन, आणि मिशीवाल्या कवीला "ताई, छान लिहिता" अशी दाद मिळते. एक्सवरच्या वापरनावात देवनागरी चालत नाही, मर्यादाही १५ अक्षरांची. हवं ते नाव कुणीतरी आधीच पटकावलेलं असतं. मग शेपटीला जन्मसाल जोडायचं आणि 'मुसाफिर१९८७' म्हणून एसटीच्या नंबरप्लेटसारखं मिरवायचं.

पैशाचं मात्र आधी बघा. लेखाखाली टोपणनाव, पण सोबतच्या पत्रात पासबुकावरचंच नाव. मानधनाचा चेक 'व्यथित' या नावाने निघाला तर बँक तो वटवत नाही आणि नाव सार्थ होतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. त्या मुदतीत खरं नाव उघड झालं तर मृत्यूनंतर ६० वर्षं. चारोळ्यांसाठी नातवंडं कोर्टात जातील असं वाटत असेल तर नाव फोडून ठेवा.

नाही फोडायचं? मग ईमेल वेगळा काढा, सोशल मीडियावरच्या खात्याला रोजचा फोन नंबर जोडू नका, 'संपर्क जोडा' बंद ठेवा. नाहीतर ज्यांच्याकडे तुमचा नंबर आहे त्यांना ॲप आपणहून तुमचं खातं सुचवतं, आणि पहिल्याच विरहकवितेनंतर मावशीचा फोन येतो, "बंड्या, सगळं ठीक आहे ना रे घरात?"