मोबाईलमुळे मुलांना ‘शिंग’ फुटतं? माझ्याच मेसेजचा खुलासा

सतत मान वाकवून चॅटिंग केल्याने मुलांच्या कवटीला मागे शिंग फुटतं, हा मेसेज परवा मीच इथे टाकला होता. तो चुकीचा आहे.

काल मूळ शोधनिबंध वाचला. २०१८ चा, ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांचा. एक्स-रे १२०० जणांचे, वय १८ ते ८६. शाळकरी मुलं त्यात नव्हतीच! कोण किती वेळ मोबाईल बघतो हे मोजलंच नव्हतं, मोबाईलचा संबंध हा लेखकांचा तर्क. २०१९ मध्ये त्या नियतकालिकाने दुरुस्तीही छापली. ‘शिंग’ म्हणजे कवटीमागचा हाडाचा उंचवटा. बोटाने चाचपून बघा, बहुतेकांना थोडाफार लागेलच.

लेकीचा फोन परत दिलाय (रात्री अकरानंतर मात्र नाही). तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तिथे हा खुलासाही टाका.