‘वेळेत रिटर्न भरला नाही’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार काका,

आमच्या इन्कम टॅक्स रिटर्नच्या ऑफिसबद्दल तुम्ही लिहिलेला रिव्ह्यू वाचला. तुम्हाला आणि काकूंना मनस्ताप झाला त्याबद्दल मनापासून दिलगिरी. रिटायर झाल्या झाल्या असा खर्च अंगावर आला की कोणाचंही डोकं फिरेल, ते कळतं मला.

पण काका तुम्ही लिहिलंय की "यांनी वेळेत रिटर्न भरला नाही, ५,००० दंड बसला, सगळी सूट बुडाली, फी मात्र पूर्ण घेतली, विचारायला गेलो तर उलट उत्तरं, साधा चहासुद्धा विचारला नाही". यातलं पहिलं वाक्य सोडून बाकी सगळं मी ऐकून घेते. फी जास्त वाटली असेल तर वाटू दे, मोबाइल रिचार्जच्या दुकानातही रिटर्न भरून देतात आणि आमच्यापेक्षा पुष्कळ कमी घेतात, तिथे ८०-डी मध्ये, म्हणजे मेडिक्लेमच्या सुटीत, काय टाकलं हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. चहा मी विचारला होता, तुम्हीच म्हणालात की पोहे-जिलबी खाऊन आलोय, आता नको. असो, ते जाऊ दे.

पण ‘वेळेत भरला नाही’ हे मला गिळवत नाहीये. रामबागेत बाबांनी हे काम सुरू केलं तेव्हा हाताने ‘सरल’ हा रिटर्नचा फॉर्म भरायचे, कार्बन लावून, तेव्हापासून लोक आमच्याकडे येतात ते फक्त तारीख चुकत नाही म्हणून. आमची कमाई म्हणजे जून ते सप्टेंबर, बाकी वर्षभर किरकोळ कामं. नवीन माणूस आता रिव्ह्यू बघूनच पायरी चढतो, आणि सगळ्यात वर तुमचं ते वाक्य दिसतंय.

म्हणून सगळं लिहिते, लांब होईल, माफ करा.

तुमचा रिटर्न १४ सप्टेंबर २०२५ ला अपलोड झाला. रविवार होता आणि तुम्ही समोरच्या खुर्चीवर बसला होतात. शेवटची तारीख आधी ३१ जुलै होती, ती सरकारने मे महिन्यातच १५ सप्टेंबर केली, आणि १५ ला रात्री आणखी एक दिवस वाढवून १६ केली. म्हणजे कसंही मोजलं तरी आपण आत होतो. पोचपावतीवर तारीख छापलेली आहे, एक कॉपी तुमच्याकडे आहे, एक माझ्या फाइलमध्ये.

आता १४ पर्यंत का थांबलो, तेही सांगते कारण तुम्ही ‘शेवटच्या क्षणापर्यंत लटकवलं’ असंही लिहिलंय. फॉर्म १६, म्हणजे पगार आणि कापलेल्या टॅक्सचं कंपनीचं सर्टिफिकेट, जूनच्या मध्यात मिळतो, तुमचा मिळालाही होता. जुलैत तुम्ही म्हणालात की बारा लाखांपर्यंत टॅक्स माफ झालाय ना मग भरायचं कशाला. तेव्हाच सांगितलं होतं की ते १ एप्रिल २०२५ नंतरच्या कमाईला आहे, आपण भरतोय तो त्याच्या आधीच्या वर्षाचा, त्याला टॅक्सच्या नव्या पद्धतीत, जिच्यात दर कमी पण बहुतेक वजावटी मिळत नाहीत, सातच लाखांपर्यंत टॅक्स माफ आहे. आणि ही माफी लागून टॅक्स शून्य आला तरी रिटर्न भरावाच लागतो. मग होम लोनचं सर्टिफिकेट राहिलं. २०२५ पासून फॉर्ममध्ये नुसता आकडा टाकून चालत नाही, ८०-सी ला (विमा, पीएफ अशा बचतीची सूट) पॉलिसी किंवा खात्याचा नंबर, मेडिक्लेमला कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर, लोनला बँक, खातं, मंजुरीची तारीख, किती बाकी आहे, सगळं विचारतात. मी ‘सारखे कागद मागते’ ते हौसेने नाही मागत. तर सर्टिफिकेट आणतो म्हणालात आणि मग ‘गणपती होऊ द्या’. गणपती २७ ऑगस्टला बसले, ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली, मी फोन केला तर तुम्ही म्हणालात आता पक्ष पंधरवडा लागला, पैशाअडक्याचं काम नको, घटस्थापनेनंतर बघू. घटस्थापना २२ ला होती काका! मी तेव्हा म्हटलं की सरकारच्या कॅलेंडरात पितृपक्ष नसतो. बहुतेक हेच ते उलट उत्तर. हसत म्हटलं होतं, पण लागलं असेल तर सॉरी.

त्यात त्याच आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होतं की तारीख ३० सप्टेंबर झाली. तुम्हीही मला पाठवलं होतं, लाल अक्षरातलं. ते खोटं होतं, डिपार्टमेंटने स्वतः सांगितलं की असं काही नाही. मी नसतं अडवलं तर तुम्ही ३० ला आला असतात.

आता मुख्य गोष्ट. रिटर्न अपलोड करणं म्हणजे भरून झालं असं नाही, त्यानंतर ३० दिवसांत तो व्हेरिफाय करावा लागतो. व्हेरिफाय न केलेला रिटर्न म्हणजे सही नसलेला चेक. व्हेरिफायचा सोपा रस्ता आधार ओटीपी, आणि तो ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवरच जातो, दुसऱ्या कुठे नाही. तुमचं आधार कंपनीच्या सिमला जोडलेलं होतं आणि ते सिम रिटायर होताना तुम्ही परत केलं होतंत. ओटीपी गेला असेल त्या नंबरवर, तो आता ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे. यात माझा काय दोष ते सांगा.

तरी मी तिथेच बाकीचे रस्ते सांगितले. नेटबँकिंगमधून होतं, तर तुम्ही म्हणालात पासवर्ड मुलाकडे आहे. मग आयटीआर-व्ही ची, म्हणजे सही करून पाठवायच्या रिटर्नच्या पावतीची, प्रिंट काढून दिली, सहीच्या जागी पेन्सिलने छोटी फुली केली, म्हटलं निळ्या पेनाने इथे सही करा आणि आजच्या आज स्पीड पोस्टाने बेंगळुरूला पाठवा, पत्ता कागदावरच छापलेला असतो. पाकीटसुद्धा मीच दिलं. तुम्ही तो कागद घडी घालून एलआयसीच्या फोल्डरमध्ये ठेवलात. दिवाळीनंतर रिफंड का नाही आला विचारायला आलात तेव्हा तो कागद त्याच फोल्डरमधून, त्याच घडीत निघाला, फुलीसकट.

मध्ये मी मेसेज केले होते, निळ्या टिका आहेत. एकदा उत्तर आलं की मुलगा म्हणतो एक्स्टेन्शन मिळतं, १५ ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे, तो शनिवार-रविवारी बसून करून देईल. काका मुलगा हुशार आहे यात वादच नाही, पण तो सांगत होता ते त्याच्या तिकडचं, न्यू जर्सीचं. अमेरिकेत एप्रिलमध्ये एक फॉर्म दिला की ज्याला हवं त्याला १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळते, आणि तीही कागद भरायला, पैसे एप्रिललाच द्यायचे असतात. आपल्याकडे एकट्या माणसाला अर्ज करून मुदत मागायची सोयच नाही, वाढवलं तर सरकार सगळ्यांना एकदम वाढवतं. आणि तुमचे ३० दिवस संपले १४ ऑक्टोबरला. एक दिवस आधी, तरी वाटलं नाही कोणाला की इथल्या बाईला एक फोन करून विचारावं. हे मला खरं सांगायचं तर जास्त लागलं.

३० दिवसांनंतर व्हेरिफाय केलं की ज्या दिवशी व्हेरिफाय झालं तीच रिटर्न भरल्याची तारीख धरतात. म्हणजे १४ सप्टेंबर गेली आणि नोव्हेंबर आला. उत्पन्न ५ लाखांच्या वर असेल तर लेट फी ५,०००, खाली असेल तर १,०००. ही फी सरकारकडे जाते, माझ्या गल्ल्यात नाही, हे वाचणाऱ्यांसाठी सांगते कारण तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटतंय.

आणि ‘सूट बुडाली’ ते कसं. तुमचे आकडे मी इथे लिहिणार नाही, ते तुमचं खासगी. पण समजा साठीच्या पुढच्या एखाद्याचं २०२४-२५ चं उत्पन्न ९ लाख आहे. जुन्या पद्धतीत स्टँडर्ड डिडक्शन ५०,०००, ८०-सी चे दीड लाख, मेडिक्लेमचे ५०,०००, एफडीच्या व्याजावर ८०-टीटीबी चे ५०,०००, होम लोनच्या व्याजाचे २ लाख. राहिले ४ लाख, टॅक्स शून्य. नव्या पद्धतीत फक्त ७५,००० वजा होतात, राहतात सव्वाआठ लाख, टॅक्स सेससकट ३३,८००. आता नियम असा की नोकरी-पेन्शनवाल्याला जुनी पद्धत हवी असेल तर शेवटच्या तारखेच्या आत भरलेल्या रिटर्नमध्येच ती निवडता येते. उशीर झाला की आपोआप नवी. लोकांना वाटतं उशीर म्हणजे फक्त ५,००० चा दंड, खरा फटका हा आहे. मी तुमच्या रिटर्नमध्ये एक सूट सोडली नव्हती, ८०-टीटीबी तर तुम्हाला माहीतही नव्हतं, मीच पासबुक बघून टाकलं. ‘सगळी सूट बुडवली’ वाचलं तेव्हा ते पासबुक आठवलं, असो.

तुम्ही लिहिलं नाहीत पण मी लिहिते, व्हेरिफिकेशनला उशीर का झाला याची कंडोनेशन रिक्वेस्ट, म्हणजे उशीर माफ करा असा अर्ज, पोर्टलवर टाकलेली आहे, त्याचा एक पैसा घेतला नाही. कंपनीचं सिम परत केल्याचा कागद तुम्ही दिलात तो जोडलाय. मंजूर झाली तर १४ सप्टेंबर तारीख धरतील आणि जुनी पद्धत वाचेल. नाही झाली तर मी काही करू शकत नाही, निर्णय त्यांचा. ही गोष्ट मी ऑफिसात सांगत होते तेव्हाच तुम्ही उठून गेलात.

आमच्याकडूनही पुढच्या सीझनला सुधारणा करतोय, ज्यांचा ओटीपी येत नाही त्यांच्याकडे जास्त लक्ष देऊ, भिंतीवर तारखा मोठ्या अक्षरात लावू वगैरे, आणि आधारचा मोबाइल नंबर चालू आहे का हे कागद घेतानाच विचारू. फोनवर माझा आवाज चढतो असं घरचेही म्हणतात, तेही बघते.

बाकी वाचणाऱ्यांना विनंती, आज आपला आधारचा नंबर कोणता आहे ते बघून घ्या, बंद असेल तर आधार सेंटरवर जाऊन बदलून घ्या, मग आमच्याकडे या किंवा नका येऊ.

काका, आधार अपडेटची पावती आली असेल तर घेऊन या, रिक्वेस्टचं स्टेटस तुमच्यासमोरच उघडून दाखवते. दुपारी दोन ते चार बंद असतं, तेवढं सोडून केव्हाही. एक स्टार ठेवायचा तर ठेवा, फीबद्दल, बोलण्याबद्दल जे वाटलं ते राहू द्या. फक्त ‘वेळेत भरला नाही’च्या जागी ‘वेळेत व्हेरिफाय झाला नाही’ एवढं करा. काकूंना नमस्कार.

संचालिका, रामबाग, इंदूर