रिलीज बिल्डला सॅनिटायझर लावा आणि निर्धास्त झोपा

सी प्लस प्लसचा कोड क्लायंटकडे रवाना करायची वेळ आली आणि ऑडिटवाल्याने ‘हार्डनिंग (हल्ल्यांविरुद्ध मजबुती) काय केलंय?’ असं विचारलं, तर गडबडू नका. मेकफाइल, म्हणजे बिल्डच्या सूचनांची फाइल, उघडा, ‘-एफसॅनिटाइझ=अनडिफाइन्ड’ एवढा कंपायलरचा फ्लॅग चिकटवा आणि शुक्रवारी पाचच्या आत हिंजवडी सोडा. उशीर झाला तर वाकडच्या पुलाखाली अडकाल. तो धोका खरा.

या फ्लॅगने लागणारा सॅनिटायझर म्हणजे यूबीसॅन; भाषेच्या नियमांत न बसणाऱ्या चुका तो प्रोग्राम चालू असताना पकडतो. हे डिबगिंगचं हत्यार आहे, असं कुरकुरणारा एक सीनियर प्रत्येक टीममध्ये असतोच. तो सांगेल, नुसता हा फ्लॅग लावला तर इंटिजर ओव्हरफ्लो झाल्यावर, म्हणजे आकडा त्याच्या जागेत मावेनासा झाल्यावर, ‘रनटाइम एरर: साइन्ड इंटिजर ओव्हरफ्लो: २१४७४८३६४७ + १’ अशी ओळ छापली जाते आणि प्रोग्राम तोच भलता आकडा घेऊन पुढे चालू लागतो. मग बिघडलं कुठे? कोथरूडच्या सोसायटीतला वॉचमनसुद्धा चोराकडून नाव, फ्लॅट नंबर, वेळ असं सगळं रजिस्टरमध्ये लिहून घेतो आणि मगच ‘जा वर’ म्हणतो. नोंद तर झाली! ती ओळ सर्व्हरवर नक्की कुठे जाते, हे विचारायचं नसतं.

‘-एफसॅनिटाइझ-ट्रॅप’ या दुसऱ्या फ्लॅगच्या नादी मुळीच लागू नका. त्याला मेसेज छापणारी रनटाइम लायब्ररी लागत नाही, पण चूक दिसताच प्रोग्राम जागीच मरतो. मीडियाच्या कोडमधल्या २०१५ च्या ‘स्टेजफ्राइट’ या सुरक्षा-त्रुटीनंतर अँड्रॉइडवाल्यांनी तिथे ओव्हरफ्लो झाला की प्रोसेस मारायचं ठरवलं. हल्लेखोराच्या हाती मेमरी लागण्यापेक्षा ते बरं, असा त्यांचा हिशेब. त्यांना सोमवारी डेमो नसतो.

तुम्ही अख्खा रनटाइमच घ्या. तो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे चालवणाऱ्याने बाहेरून दिलेली सेटिंग्ज, वाचतो आणि सांगाल तिथे लॉगची फाइल लिहितो. प्रोग्राम सेटयूआयडी रूट, म्हणजे कोणीही चालवला तरी सर्वाधिकारी ‘रूट’ यूजरच्या हक्काने चालणारा असला, तर रूटने कुठे लिहायचं हे साध्या यूजरला ठरवता येण्याची सोय होते. लोकशाहीच म्हणा ना! थोरल्या भावाच्या, म्हणजे मेमरीच्या चुका पकडणाऱ्या अ‍ॅड्रेस सॅनिटायझरच्या बाबतीत हे २०१६ मध्येच चव्हाट्यावर आलं होतं. क्लँग कंपायलरमध्ये प्रॉडक्शनसाठी वेगळा मिनिमल रनटाइम आहे खरा, पण त्याचे मेसेज फारच त्रोटक. रिपोर्टमध्ये शोभत नाहीत.

टेस्ट चालवताना मात्र सॅनिटायझर आवर्जून बंद ठेवा. सीआय (टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) रेंगाळतं, शिवाय बग सापडतात, आणि सापडलेला बग शेवटी तुमच्याच नावावर पडतो.

फ्री केलेली मेमरी पुन्हा वापरली तर यूबीसॅनला कळतं का, असं ऑडिटवाल्याने विचारलंच, तर चहा मागवा. कळत नाही.