ट्रेनिंग कोणाला द्यायचं, रंगाऱ्याला की आपल्याला?

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत सध्या बाहेरच्या रंगकामावरून वाद पेटलाय. एक गट म्हणतो ट्रेनिंग झालेलेच कामगार झुल्यावर, म्हणजे गच्चीवरून दोरांनी खाली लटकवलेल्या फळीवर, चढतील, दुसरा म्हणतो ते फॉरेनचं फॉरेनला ठेवा, इथे खर्च परवडणार नाही आणि हे लोक सेफ्टी बेल्ट दिला तरी घालत नाहीत. मी टोरांटोत राहतो म्हणून दोन्हीकडून मला टॅग करतायत, तर लिहितोच.

इथले लोक जन्मतःच शिस्तीचे आहेत असं काही नाही हो. 24 डिसेंबर 2009 ला, ख्रिसमसच्या आदल्या दिवशी, टोरांटोच्या किपलिंग अव्हेन्यूवर एका बिल्डिंगच्या बाल्कन्यांची दुरुस्ती चालू होती आणि तेराव्या मजल्याजवळ झुला मधोमध तुटला. वर सहा कामगार आणि लाइफलाइन, म्हणजे झुल्यापासून वेगळी बांधलेली जीव वाचवायची दोरी, फक्त दोन! चार जण गेले, एक कायमचा जायबंदी झाला, आणि ज्याने नीट दोरी लावली होती तो वाचला. बाहेरच्या देशांतून पोटासाठी आलेली माणसं होती ती. कंपनीला आधी 2 लाख डॉलर दंड झाला, अपिलात तो साडेसात लाख झाला आणि 2016 मध्ये प्रोजेक्ट मॅनेजरला साडेतीन वर्षांची शिक्षा, कारण दोऱ्या कमी आहेत हे माहीत असूनही त्याने काम थांबवलं नाही.

उंचीवरच्या कामाचं सक्तीचं ट्रेनिंग इथे त्यानंतर, 2015 मध्ये आलं. दर तीन वर्षांनी रिफ्रेशर करावा लागतो. 2017 पासून झुल्यासाठी वेगळं ट्रेनिंग, ते वापरणाऱ्यालाही आणि तो बसवणाऱ्यालाही. मला हे दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण गच्चीवरची बांधणी चुकली तर खाली लटकलेल्या माणसाने कितीही कोर्स केलेले असू देत, काय करणार तो?

म्हणून "बेल्ट घालत नाहीत" हे ऐकलं की मला राग येतो. बेल्ट अडकवायला वेगळी दोरी दिलीये का ते आधी विचारा ना! रोजंदारीवरचा पोरगा मुकादमाला नाही म्हणू शकत नाही, उद्या त्याला कामावर कोण घेणार. कायद्याच्या भरवशावरही राहू नका. आपला 1996 चा जुना बांधकाम कामगार कायदा काय आणि त्याच्या जागी नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेली कामगार सुरक्षेची नवी संहिता काय, दोन्हीकडे किमान दहा कामगारांची अट, आणि आपल्याकडे रंगाला येते चार-पाच जणांची टोळी.

तेव्हा सर्टिफिकेट मागाच, पण माणशी एक वेगळी दोरी हे करारात लिहून घ्या, आणि सेक्रेटरीकाकांनी काम सुरू व्हायच्या आधी रोज गच्चीवर जाऊन दोऱ्या कशाला बांधल्यात ते स्वतः बघावं, पाण्याच्या पाइपला किंवा डिश अँटेनाच्या खांबाला बांधलेल्या दिसल्या तर तिथल्या तिथे काम बंद, रंग दिवाळीनंतर लागला तरी चालेल.