हिरवं पाणी उकळून बाळाला पाजू नका

माझी धाकटी बहीण मंगळवेढा तालुक्यात, भीमेच्या काठी दिलेली. परवा तिचा फोन आला. "दादा, विकतच्या शुद्ध पाण्याचे जार बंद केले. बाळाच्या दुधाचं पाणीसुद्धा आता नदीचंच, वीस मिनिटं खळखळा उकळून." तिची नात साडेतीन महिन्यांची. सुनेला दूध कमी, म्हणून पावडरचं वरचं दूध चालू आहे. कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर तिने व्हॉट्सअॅपवरचा मजकूर पाठवला. भावकीच्या आणि दिंडीच्या ग्रुपवर माझ्याकडेही तो येऊन पडला होता, मी न वाचता सोडला होता. त्यात लिहिलंय: वाहती नदी दहा-बारा किलोमीटरमध्ये स्वतःला शुद्ध करते, उजनी धरणाचं हिरवं पाणी म्हणजे पौष्टिक स्पिरुलिना (खाण्यात वापरतात ते शेवाळ), तुरटी फिरवून उकळलं की कसलंही पाणी निर्धोक, जारचं पाणी मेलेलं, आणि घाण सगळी पुण्याची, शेतकऱ्याचा काही संबंध नाही.

उकळण्याचं आधी घेतो, कारण ते बाळाच्या पोटात जातंय.

उकळल्याने जंतू मरतात. कावीळ, गॅस्ट्रो, टायफॉइड टाळायला उकळणं चांगलंच. पण सांडपाण्यातून आणि खतातून पाण्यात उतरणारं नायट्रेट हा जंतू नाही, पाण्यात विरघळलेला क्षार आहे. पाणी आटतं, तो पातेल्यातच राहतो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, नायट्रेटला लिटरमागे ४५ मिलिग्रॅमची मर्यादा घालतं. पाण्याचा दुसरा स्रोत नसेल तर काही घटकांना तिथे सवलत आहे, नायट्रेटला नाही. आता हिशोब करा. लिटरला ४० मिलिग्रॅम नायट्रेट असलेलं दोन लिटर पाणी चुलीवर ठेवलं आणि आटून दीड लिटर उरलं, तर ते ५३ झालं. पास झालेलं पाणी आपण चुलीवर नापास केलं. तुरटीने गाळ खाली बसतो, नायट्रेट बसत नाही.

बाळाच्या पोटात या नायट्रेटचं नायट्राइट होतं. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला असं बिघडवतं की रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. ओठ, नखं निळसर पडतात. सगळ्यात जास्त धोका सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या बाळांना. बहिणीची नात नेमकी त्यातलीच. हा मजकूर पुढे ढकलणाऱ्या एकालाही ते विचारावंसं वाटलं नाही, याचा मला राग आहे.

दुसरं ते स्पिरुलिनाचं. स्पिरुलिना टाक्यांमध्ये मुद्दाम पिकवतात, तपासतात, मग विकतात. उन्हाळ्यात उजनीच्या कडेला जाऊन हात बुडवून बघा. मनगटाला हिरवी रेघ उमटते आणि वास कुजक्या गवतासारखा येतो. सांडपाण्यावर पोसलेल्या अशा साचल्या पाण्यात निळं-हिरवं शेवाळ माजतं. त्यात मायक्रोसिस्टिससारख्या जाती असल्या तर त्यांचं विष यकृतावर जातं. ते उकळून नष्ट होत नाही, उलट पेशी फुटून पाण्यात उतरतं. जागतिक आरोग्य संघटनेने या विषातल्या मुख्य प्रकाराला रोजच्या पिण्याच्या पाण्यात लिटरमागे फक्त १ मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचवली आहे, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. याला पौष्टिक म्हणायचं?

नदी स्वतःला शुद्ध करते, हे अर्धं खरं आहे, नाकारत नाही. खळखळत्या पाण्यात हवा मिसळते आणि घाण कुजवणाऱ्या जिवाणूंना बळ मिळतं. पण आपली भीमा वाहते कधी? पावसाळा सरला की उजनीतून आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटेल तेवढीच. एरवी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागे तुंबलेली डबकी. तिथे किलोमीटर मोजून काय उपयोग?

जारच्या पाण्यात खनिजं कमी असतात, हेही खरं. ती भाकरी, डाळ, दुधातून मिळतात. आरओचा प्लांट नीट चालत असेल तर तो नायट्रेट मात्र बऱ्यापैकी काढतो. बाळासाठी तेच पाणी घ्या, एक उकळी आणून. वीस मिनिटं आटवू नका.

राहिलं पुणं. पवना मुळेला मिळते, मुळा-मुठा आणि इंद्रायणी भीमेला मिळतात, आणि हे सगळं उजनीच्या वरच. पुण्या-पिंपरीचं मैलापाणी आपल्या धरणात उतरतं, त्याबद्दल भांडायलाच हवं. पण धरणाखालच्या विहिरी-बोअरमधल्या नायट्रेटला आपला ऊसही कारण आहे. आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावलेल्या उसाला शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची (नायट्रोजनची), म्हणजे ते सगळं युरियातून दिलं तर एकरी जवळजवळ आठ पोती. आपल्यातले किती जण तिथे थांबतात? वर पाटाने मोकळं पाणी सोडायचं. मुळांना न लागलेलं नत्र नायट्रेट होऊन त्या पाण्याबरोबर खाली जातं, आणि तेच पाणी बोअरला येतं. माझ्या शेतातही हेच झालं आहे. गेल्या हंगामापासून ठिबक केलंय आणि खत हप्त्याने देतोय.

बहिणीला एवढंच सांगितलंय: आज जार चालू कर. सुनेचं दूध वाढावं म्हणून आशाताईंना गाठ. गावच्या जलसुरक्षकाला धरून नदीचा आणि बोअरचा नमुना वेगवेगळ्या स्वच्छ कॅनमध्ये भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत पाठव, आणि नायट्रेटचा आकडा कागदावर लिहून घे. शनिवारी मी जातोय. येताना आमच्या विहिरीचा कॅनही भरून नेणार आहे.